जमिनीवर दुप्पट जागा मागणारी बॅग

गेल्या ऑगस्टमध्ये, चवथीला दहा-बारा दिवस उरले असताना, म्हापशाच्या बाजारातल्या एका दुकानातून आम्ही चार चाकांची, कडक कवचाची, मध्यम आकाराची बॅग ४,३०० रुपयांना घेतली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत ती पेडणे, रत्नागिरी, डोंबिवली, बेळगाव, दिवाडी आणि बंगळूर अशी फिरवून आणली. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ह्याच घाटाच्या आणि ह्याच मापाच्या बॅगा निदान दहा नावांनी विकल्या जातात आणि मला जे सांगायचे आहे ते नावापेक्षा घडणीविषयी आहे. बॅग वाईट नाही. मात्र ती हॉटेलात उतरणाऱ्या माणसासाठी बनवलेली आहे, आणि आम्ही दोघे वर्षातून एकदाही हॉटेलात उतरत नाही.

आमचा प्रवास कसा असतो हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. नोकरीमुळे आम्ही फोंड्याला राहतो. माझे मूळ घर पेडणे तालुक्यात, पत्नीचे माहेर रत्नागिरीला, तिची मावशी डोंबिवलीला आणि दोघांचे मित्रमैत्रिणी बेळगावपासून बंगळूरपर्यंत विखुरलेले. पत्नी शिक्षिका असल्यामुळे चवथ, दिवाळी आणि नाताळ ह्या तीन सुट्ट्यांतच सगळे आप्तेष्ट उरकावे लागतात, आणि तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात ती वेगळीच. आजवर हा सगळा पसारा एका जुन्या एअरबॅगेवर निभावला. (एअरबॅग म्हणजे मोटारीतली नव्हे, आमच्या लहानपणी खांद्याला अडकवून नेत ती रेक्झिनची, नव्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागतो.) तिचा बंद तुटला आणि माझा खांदाही कुरकुरू लागला, तेव्हा चाकांची बॅग घ्यायचे ठरले.

बॅगेचे बाहेरचे माप ६६ × ४५ × २७ सेंटिमीटर, म्हणजे तिची बाहेरून होणारी जागा सुमारे ८० लिटर. लेबलावर आतली क्षमता ६८ लिटर लिहिली आहे आणि ते पटण्यासारखे आहे. रिकाम्या बॅगेचे वजन मी शेजारच्या वाण्याच्या काट्यावर करून घेतले, ते ३ किलो ६०० ग्रॅम भरले. कवच पॉलिप्रॉपिलीनचे आहे. स्वस्त बॅगांत एबीएस नावाचे ताठ प्लास्टिक असते, ते कोपऱ्यावर आपटले की तडकते. पॉलिप्रॉपिलीन दाबले तर वाकते आणि पुन्हा जागेवर येते, त्यामुळे ह्या किमतीत त्याची निवड योग्यच म्हणावी लागेल. दुकानदाराने तर बॅगेवर उभे राहून दाखवले. तो साठ किलोंच्या आतला असावा, तरी प्रात्यक्षिक परिणामकारक होते.

पहिली परीक्षा पेडण्याला झाली आणि त्यात चाकांना फारसे गुण मिळाले नाहीत. २७ ऑगस्टला चवथ होती, आम्ही आदल्या दिवशी निघालो आणि बस जिथे सोडते तिथून आमच्या वाड्यापर्यंतची वाट लाल मातीची, पुढे चिऱ्यांच्या सतरा पायऱ्या, त्यांच्यावर पावसाळ्यातले शेवाळ. चार चाकांच्या ह्या बॅगा गुळगुळीत फरशीवर बोटाने ढकलल्या तरी पळतात, पण चिखलात त्यांची लहान चाके रुततात आणि मग चिखलातून ओढलेल्या बॅगेपेक्षा खांद्यावरची एअरबॅग बरी वाटू लागते. पायऱ्यांवर बॅग उचलावीच लागली. बाजूची मूठ मजबूत आहे, हे तिथे कळले. दुसरी गोष्ट कळली ती अशी की कवचातून पाणी आत जात नाही, पण चेनमधून जाते. वीस मिनिटांच्या पावसात पत्नीच्या नव्या साडीचा काठ चेनच्या बाजूने चार बोटे ओला झाला होता. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायच्या गडबडीत ती साडी आधी पंख्याखाली वाळत घालावी लागली, ह्याची नोंद घरातल्या सर्वांनी घेतली. जून ते सप्टेंबर कोकणात फिरणाऱ्याने कडक बॅग घेतली तरी वरून प्लास्टिकचे आवरण घ्यावेच. ते दीडशे-दोनशे रुपयांना मिळते आणि दुकानदार ते आपण होऊन दाखवत नाही.

आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झाले की पत्नीला गौरींसाठी माहेरी पोहोचायचे असते, त्यामुळे ३० ऑगस्टला थिवीहून सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरी गाठली. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, म्हणून आम्ही १ जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला बसलो होतो आणि दोन बर्थ मिळाले. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीच्या प्रवाशाला ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येते, तेव्हा वजनाचा प्रश्न नव्हता. प्रश्न उंचीचा होता. बॅग आडवी केली की बाकाखाली नीट सरकते. पण दुकानदार जिला एक्स्पांडर म्हणतो ती मधली जादाची चेन उघडली की बॅग चार सेंटिमीटर फुगते आणि मग ती अर्धी बाहेर राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागते. जादाच्या चेनमुळे साधारण बारा लिटर जागा वाढते हे खरे असले तरी ही वाढ बॅगेच्या जाडीत होते, आणि प्रवासात जाडीच सगळीकडे आड येते.

ह्या फुगण्याचा संबंध आमच्या प्रवासाच्या मूळ स्वभावाशी आहे. पर्यटक भरलेली बॅग नेतो आणि मळके कपडे घेऊन परततो. नातेवाइकांकडे जाणाऱ्याचे तसे नसते. गोव्यात लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेरून सासरी फळे, भाज्या, नेवऱ्या, लाडू असा जो भार जातो त्याला ओझेच म्हणतात, आणि माझ्या मते लग्नाला वीस वर्षे झाली तरी ते ओझे दोन्ही दिशांनी चालूच राहते. आम्ही रत्नागिरीला निघताना आमसुले, काजू, खोल्याची मिरची आणि खाजे नेले. परत येताना फणसपोळी, कुळथाचे पीठ, तळलेले गरे आणि दोन स्टीलचे डबे बरोबर आले. डबे सासूबाईंचे. ते पुढच्या खेपेला परत न्यायचे, आणि अर्थातच रिकामे न्यायचे नाहीत. म्हणजे जाताना बॅग जेवढी जड, येताना तेवढीच किंवा काकणभर जास्त. अशा प्रवाशाला हवी असते ती ताणली जाणारी, वेडेवाकडे डबे पोटात घेणारी पिशवी. कडक कवच ज्या आकाराचे असते त्या आकाराचेच राहते. गोल डबा त्यात बसवला की चारही कोपऱ्यांत हवा उरते. शेवटी आम्ही डब्यात मोजे आणि डब्याभोवती टॉवेल गुंडाळून वेळ मारून नेली.

आता मुख्य तक्रार. ही बॅग मधोमध उघडते, शिंपल्यासारखी. दोन्ही बाजू सारख्या खोल, मधे पुस्तकासारखी घडी. दुकानात काउंटरवर ती फार देखणी दिसते, एका बाजूला त्याचे कपडे, दुसऱ्या बाजूला तिचे, मधे जाळीचा पडदा. उघडल्यावर मात्र तिला ६६ सेंटिमीटर बाय ९० सेंटिमीटर इतकी मोकळी जमीन लागते, म्हणजे एका माणसाच्या गादीचा तिसरा हिस्सा. हॉटेलच्या खोलीत ही जागा असते. डोंबिवलीला, दिवाळीत, मावशीच्या घरी नसते.

मावशीचे घर म्हणजे हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथे मावशी आणि काका, त्यांचा मुलगा आणि सून, दोन नातवंडे, सुनेचे वडील आणि आम्ही दोघे असे नऊ जण होतो, आणि रात्री हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या. बॅग उभी ठेवायला दाराआडचा कोपरा मिळाला. त्याबाबतीत चार चाकांची बॅग उत्तम, कारण ती एका फरशीवर उभी राहते. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेचारला मावशीने अभ्यंगस्नानासाठी हाक मारली, तेव्हा माझा नवा सदरा आणि पत्नीची साडी बॅगेच्या आतल्या बाजूला होती आणि बॅग उघडायला घरात एक हात जमीनही मोकळी नव्हती. उभ्याने चेन थोडी उघडून हात घालून पाहिला. हाताला सासूबाईंचा डबा लागला. अखेर काका म्हणाले, "जावईबापू, बाहेर न्या." मी बॅग दाराबाहेर जिन्याच्या पुढ्यात नेऊन उघडली आणि तिचे झाकण समोरच्या शेजारणीने रात्री घातलेल्या रांगोळीवर पडले. एक मोर आणि दीड पणती पुसली गेली. पत्नीने ओल्या केसांनी बसून ती पुन्हा काढली, शेजारीण उठायच्या आत, आणि मूळच्या मोरापेक्षा हा जरा कोंबड्याकडे झुकला होता. शेजारीण सुसंस्कृत असल्यामुळे काही बोलली नाही.

हा प्रसंग विनोदी असला तरी दोष खरा आहे, आणि तो प्रत्येक घरी निराळ्या रूपात भेटला. रत्नागिरीला पलंगावर बॅग उघडायची तर चाकांची माती चादरीला लागते. गाडीत बर्थवर बसून औषधाची डबी काढायची तर समोरच्याला पाय वर घ्यायला सांगावे लागते. बाहेरून एकही कप्पा नसल्यामुळे चष्मा, चार्जर, तिकिटाचा कागद, मुलांसाठी घेतलेली चॉकलेटे ह्यांतल्या कशासाठीही सगळी बॅग उघडावी लागते. वरून झाकण उघडणारी, एकाच बाजूला खोल असलेली किंवा समोर कप्पे असलेली कापडी बॅग हेच काम निम्म्या जागेत करते. बाजारात हल्ली समोरच्या बाजूने उघडणाऱ्या कडक बॅगाही आल्या आहेत, त्या महाग आहेत, पण आप्तांकडे उतरणाऱ्याने जादा पैसे मोजायचेच असतील तर रंगासाठी किंवा कुलपासाठी न मोजता ह्या सोयीसाठी मोजावेत.

कुलपाचे निघालेच आहे तर सांगतो. विक्रेते टीएसए कुलूप असल्याचे मोठ्या अभिमानाने सांगतात. टीएसए ही अमेरिकेतली वाहतूक सुरक्षा यंत्रणा. तिच्या तपासनिसांकडे ही कुलपे न तोडता उघडण्याची किल्ली असते, एवढाच त्याचा अर्थ. करमळीहून ठाण्याला आणि तिथून लोकलने डोंबिवलीला जाणाऱ्या बॅगेला त्याचा कवडीचाही उपयोग नाही. आकड्यांचे कुलूप म्हणून ते ठीक चालते.

वासाबद्दल मात्र कुठल्याही दुकानात कोणी सावध करत नाही. मावशीची फर्माईश असल्यामुळे दिवाळीला आम्ही सुके बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) नेली होती, तीन पिशव्यांत बांधून, वर वर्तमानपत्र. कवच निर्विकार राहिले, पण आतले पॉलिस्टरचे अस्तर तो वास विसरायला तयार नव्हते. अस्तराला चेन आहे, त्यामुळे ते कवचापासून सोडवता येते, पण कडेने शिवलेले असल्यामुळे काढून धुता येत नाही. फोंड्याला परतल्यावर बॅग चार दिवस उन्हात उघडी ठेवली, दोन रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तेव्हा वास माणसांना सहन होईल इतका उतरला. शेजारचे मांजर मात्र आणखी आठवडाभर येऊन बसत होते.

नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नानंतर बेळगावला एका मित्राच्या मुलीचे लग्न होते. चोर्ला घाटातून बसने गेलो, बॅग डिकीत. घाटाच्या वळणांवर डिकीतले सामान एकमेकांवर घासते, त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे आले. खडबडीत नक्षीची बॅग घेतली असती तर ते दिसले नसते. येताना कुंद्याचे चार डबे होते. फोंड्याला बस स्थानकावर बॅग खाली ठेवली तर ती एका कोपऱ्यावर कलंडली. एक चाक सांध्यातून निखळले होते. ते घाटात निखळले, लग्नाच्या हॉलच्या पायऱ्यांवर की आमच्या हलगर्जीपणामुळे, हे सांगता येणार नाही.

पावतीवर पाच वर्षांची वॉरंटी ठळक अक्षरांत आहे. तिच्याखालची बारीक अक्षरे घरी येऊन वाचली: चाके, मुठी, चेन आणि अस्तर यांची झीज वगळून. हलणारे सगळे भाग वगळल्यावर उरते ते कवच, आणि ते तर मुळात तुटतच नाही. कंपनीच्या सेवा केंद्राने बॅग ठेवून घेऊन तीन आठवड्यांनी उत्तर देऊ म्हटले. डिसेंबर तोंडावर आल्यामुळे आम्हाला तीन आठवडे नव्हते. फोंड्याच्या बाजारात छत्र्या, चेन आणि बॅगा दुरुस्त करणारे एक गृहस्थ फळीवर बसतात, त्यांनी चारही चाके तपासली, दोन बदलली आणि तासाभरात ३०० रुपयांत बॅग उभी केली. चाक आतून खिळ्याने बसवलेले नसून स्क्रूने बसवलेले असेल तरच ते बदलता येते, हे त्यांनी अस्तर उघडून दाखवले. बॅग घेताना अस्तराची चेन उघडून स्क्रू पाहावेत. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या हवेत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: मऊ, आवाज न करणाऱ्या चाकांवर पॉलियुरेथेनचे आवरण असते आणि ते दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिले की न वापरताच भुगा होते. माळ्यावर जपून ठेवलेली नवीकोरी बॅग पाच-सहा वर्षांनी काढावी आणि चाके हातात यावीत, असे त्यांच्याकडे पुष्कळ येतात. पावसाळ्यात बॅग बंद करून ठेवली तर अस्तराला बुरशी येते ती वेगळीच.

नाताळात दिवाडी बेटावर एका स्नेह्यांकडे दोन रात्री राहिलो. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पलीकडे जायचे. चार चाकांच्या बॅगेला ब्रेक नसतो ह्याची जाणीव फेरीच्या उतारावर होते. मी तिकडे पाहत असताना ती इकडे निघाली आणि एका स्कूटरवाल्याने पायाने अडवली. दोन चाकांची, तिरकी ओढायची बॅग सोडली तर आडवी पडते, पळत नाही. येताना बॅगेत दोदोल, नेवऱ्या आणि बिबिंका आली. बिबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण स्नेह्यांच्या आईने केलेल्या सात थरांच्या बिबिंकेसाठी कोणी मानांकनाची वाट पाहत नव्हते. आणि तिच्यासाठी कडक कवच खरेच योग्य ठरले. कापडी बॅगेत तिचे थर राहिले नसते.

ही बॅग कुठे शोभत असेल तर विमानतळावर. जानेवारीत मोपाहून बंगळूरला गेलो तेव्हा ती पहिल्यांदाच आपल्या माहेरी आल्यासारखी वागली. विमानतळाची फरशी, एका बोटाने ढकलणे, पट्ट्यावरून बाहेर येताना शाबूत असणे, सगळे जाहिरातीत दाखवतात तसे. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो सामान खाली देता येते. बॅगेचेच ३ किलो ६०० ग्रॅम गेले की माणसाला ११ किलो ४०० ग्रॅम उरतात. आप्तांकडे जाणाऱ्याला हा हिशेब बोचतो, कारण दोन किलो आमसुलांवर काट मारावी लागते. मोबाइलची पॉवर बँक मात्र खाली द्यायच्या सामानात टाकू नये, ती हातातच न्यावी लागते. आमच्यापुढच्या कुटुंबाला त्यासाठी रांगेत बॅग उघडावी लागली. तीही शिंपल्यासारखीच उघडणारी होती.

तेव्हा माझा निर्णय असा. वर्षातून दोनदा विमानाने जाणाऱ्या आणि स्वतंत्र खोलीत उतरणाऱ्या जोडप्याने ही बॅग जरूर घ्यावी, ४,३०० रुपये वाया जाणार नाहीत. पेडण्याची पायवाट, बाकाखालची जागा आणि मावशीचा हॉल ज्यांच्या वाट्याला आहे त्यांनी ह्याच पैशांत दोन मोठ्या चाकांची, वरून उघडणारी, बाहेर दोन कप्पे असलेली कापडी बॅग पाहावी आणि उरलेल्या पैशांत पावसाचे आवरण घ्यावे. दहापैकी गुण द्यायचेच तर विमानतळावर आठ, डोंबिवलीला तीन.

माघ पौर्णिमेला मंगेशीच्या जत्रेसाठी मावशी आणि काका आमच्याकडे आले, दोन कापडी पिशव्या आणि आमच्यासारखीच एक म्हातारी एअरबॅग घेऊन. परतीला नारळ, आमसुले, जत्रेतले खाजे आणि सासूबाईंचा एक डबा एवढे सामान झाले की आम्ही आमची बॅग त्यांना दिली. ती अजून डोंबिवलीत आहे. मावशीने परवा फोनवर सांगितले की तिने ती कपाटावर ठेवून तिच्यात हिवाळ्याच्या गोधड्या भरल्या आहेत आणि चेन एकदा लावली ती लावली, पुन्हा उघडायची गरज पडली नाही.